हैदराबादला गेलं की कुठं जेवायचं? आदिलाबादच्या मराठी माणसाच्या वाटा आणि हॉटेलं

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मराठी घरात 'शहराला चाललो' असं कुणी म्हटलं, की कोणतं शहर ते विचारावं लागत नाही. नांदेडला माणूस 'नांदेडला' जातो, चांद्याला 'चांद्याला' जातो, नागपूरला 'नागपूरला' जातो. पण शहर म्हणजे हैदराबाद. आणि शहराहून परत आलेल्या माणसाला कामाचं विचारून झालं की दुसरा प्रश्न ठरलेला: काय खाल्लं, कुठं जेवलात?

हा प्रश्न वरवर चवीचा वाटतो, पण त्यात आपल्या जिल्ह्याचा निदान शंभर वर्षांचा इतिहास आहे. माणूस परगावी कुठं जेवतो हे त्याच्या जिभेपेक्षा तीन गोष्टींवर जास्त ठरतं: तो कोणत्या गाडीनं उतरला, कोणत्या कामाला आला, आणि त्याला कुठं बसू दिलं जातं. या तिन्ही गोष्टी पाहिल्या, की आपल्या वाडवडिलांची 'आवडती हॉटेलं' तिथंच का होती ते कळतं.

राजधानी कशी राहिली

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आदिलाबाद, नांदेड, परभणी, औरंगाबाद हे सगळे निजामाच्या मुलखातले जिल्हे होते. राजधानी एकच, हैदराबाद. हायकोर्ट तिथं, विद्यापीठ तिथं, मोठा दवाखाना तिथं. पुढं १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आपल्या जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा हे भाग तिकडं गेले. राजुरा आधी नांदेड जिल्ह्यात, मग १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात. उलट नांदेड जिल्ह्यातला मुधोळ तालुका आपल्याकडं आला. म्हणजे भैंसा, मुधोळ, बासरचे मराठी लोक एका सहीनं आंध्र प्रदेशात आले.

नांदेड-परभणीच्या माणसाची राजधानी त्या दिवशी बदलली आणि मुंबई झाली. आपली बदलली नाही. बेला, जैनथ, बोथ, भैंसा इकडचा मराठी बोलणारा माणूस कोर्टकचेरीसाठी, शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी हैदराबादलाच जात राहिला. २०१४ ला तेलंगणा झालं, २०१६ ला जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, तरी वाट तीच. म्हणून मराठवाड्यातल्या घरात हैदराबादच्या हॉटेलांच्या गोष्टी आजोबांपाशी थांबतात, आणि आपल्या घरात त्या नातवापर्यंत येतात. सीमेच्या अलीकडं राहिल्याचं हे एक फळ आहे, आणि त्याची नोंद आपणच करायला पाहिजे.

कोणत्या गाडीनं उतरायचं

जुन्या काळी शहराला जायच्या तीन वाटा होत्या.

पहिली रेल्वेची. आदिलाबादहून किनवट, हिमायतनगर, भोकर करत मुदखेड, तिथं सिकंदराबाद-मनमाड मार्गाला लागायचं, आणि धर्माबाद, बासर, निजामाबाद करत खाली उतरायचं. ही सगळी तेव्हा मीटर गेज, आपल्या भाषेत छोटी लाइन. भैंसा-मुधोळकडच्यांना बासरला गाडी धरली की झालं. ही गाडी सिकंदराबाद आणि काचीगुड्याला पोचवायची. काचीगुड्याचं ते घुमटांचं स्टेशन १९१६ चं.

दुसरी वाट जिल्ह्याच्या पूर्वेकडून. काझीपेठ-बल्लारशा ही मोठी लाइन १९२९ च्या सुमारास पुरी झाली आणि दिल्ली-मद्रास सरळ जोडलं गेलं. आसिफाबाद, सिरपूर, मंचिर्याल, राजुऱ्याकडचा माणूस त्या लाइनीनं काझीपेठला जाऊन सिकंदराबादला उतरायचा.

तिसरी वाट सडकेची. निजाम स्टेट रेल्वेनं जून १९३२ मध्ये आपली मोटार बससेवा सुरू केली, २७ बसगाड्या आणि १६६ नोकरांवर. आजच्या आरटीसीचं ते मूळ. आदिलाबादहून इचोडा, निर्मलचा महबूब घाट, सोनजवळ गोदावरी, मग आर्मूर, कामारेड्डी करत सुमारे तीनशे किलोमीटर. बस शेवटी गौलीगुड्याच्या अड्ड्यावर थांबायची. विमान ठेवायच्या पत्र्याच्या भल्यामोठ्या शेडमध्ये तो अड्डा होता. नंतर मुसीच्या पात्रात इमलीबनचं मोठं स्टँड झालं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या आता सिकंदराबादच्या जुबिली बस स्टेशनवर थांबतात.

आता या ठिकाणांभोवती शहराचा नकाशा मांडा. गौलीगुड्याच्या अड्ड्यापासून चालत जाता येईल एवढ्यात अफजलगंजचा उस्मानिया दवाखाना. मुसीच्या या काठाला दवाखाना, पलीकडच्या काठाला हायकोर्ट. बाजूला बेगम बाजार, जिथं भांडी, किराणा, सुका मेवा ठोकात मिळतो. नया पूल ओलांडला की पत्थरगट्टी, मदिना, आणि समोर चारमिनार. दुसऱ्या बाजूला कोठी, सुलतान बाजार, आणि पुढं काचीगुडा. म्हणजे खटला, आजार आणि दुकानाचा माल, खेड्यातल्या माणसाची शहरातली तीन मोठी कामं, दोन-तीन किलोमीटरच्या आत. आपल्या लोकांची जुनी आवडती हॉटेलं जवळजवळ सगळी याच पट्ट्यात आहेत, ती काही योगायोगानं नव्हे. हातात थैली, खिशात मोजके पैसे आणि परतीच्या गाडीची घाई असलेला माणूस चव शोधत शहरभर फिरत नसतो.

मराठी गल्ल्या

काचीगुड्याला उतरणाऱ्याला आणखी एक सोय होती, ती आपल्या भाषेची. सुलतान बाजार, बडी चावडी, इसामिया बाजार, काचीगुडा हा शहरातला जुना मराठी वस्तीचा भाग. सुलतान बाजार म्हणजे पूर्वीचा रेसिडेन्सी बाजार. इंग्रज रेसिडेंटच्या कोठीभोवतीचा हा भाग १९३३ पर्यंत निजामाच्या थेट अमलाखाली नव्हता, त्यामुळं सभा-संमेलनांना इथं थोडी मोकळीक असायची. केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्या पिढीनं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभी केलेली विवेक वर्धिनी शाळा याच भागात, आणि मराठी ग्रंथ संग्रहालयही इथंच.

शिकायला आलेल्या आपल्याकडच्या पोराला पहिला आसरा या गल्ल्यांत मिळायचा. कुणाच्या नात्यातलं घर, कुणाची ओळख, चिठ्ठी घेऊन गेलं की दोन दिवस पाठ टेकायची सोय. अशा घरी उतरलेला माणूस दोन्ही वेळचं जेवण घरीच घ्यायचा. बाहेर खायचं ते चहा, फराळ आणि जाताना बांधून न्यायचं. म्हणून ज्यांचे नातेवाईक शहरात होते त्यांच्या आठवणीत हॉटेलं कमी आणि चाट-मिठाईची दुकानं जास्त. ज्यांचं कुणी नव्हतं त्यांच्या आठवणीत हॉटेलं जास्त. जुन्या माणसांच्या गोष्टी ऐकताना हा फरक ध्यानात ठेवला, तर कोण कोणत्या थरातून शहरात गेलं ते आपोआप कळतं.

इराणी: कोणीही बसावं

हैदराबादच्या हॉटेलांमध्ये पहिला मान इराण्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून इराणातून माणसं मुंबईला आली, पुण्याला आली, आणि तिथून हैदराबादेतही पसरली. मुंबईचे इराणी बहुतेक झरथुष्ट्री, तर हैदराबादेतले बरेचसे शिया मुसलमान. पण थाट तोच: चौकातली कोपऱ्याची जागा, संगमरवरी टेबलं, लाकडी खुर्च्या, गल्ल्यावर बसलेला मालक.

चहा करायची रीत मात्र आपल्या घरच्यासारखी नाही. चहाची पत्ती पाण्यात वेगळी, झाकण लावून मंद आचेवर मुरत ठेवायची. दूध वेगळं, आटवत ठेवायचं. गिऱ्हाईक आलं की दोन्ही कपात एकत्र. म्हणून तो दाट असतो, आणि म्हणून खेड्यातून आलेल्याला तो चहा कमी आणि खाणं जास्त वाटायचा. सोबत उस्मानिया बिस्कीट, जरासं गोड, जरासं खारं. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून ते नाव पडलं म्हणतात. उस्मानिया दवाखान्यातल्या रोग्यांसाठी ते पहिल्यांदा केलं, ही गोष्टही शहरात सांगतात. दंतकथा म्हणून ऐकायला ती चांगली आहे.

पण इराण्याचं खरं महत्त्व चहात नाही, बसण्यात आहे. त्या काळात मुंबई-पुण्यापासून मद्रासपर्यंत कित्येक हिंदू हॉटेलांत 'ब्राह्मणांसाठी' वेगळी जागा असे, आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाला तर दारातच अडवत. राज्यघटनेच्या १५ व्या कलमानं हॉटेलं आणि खाणावळी सगळ्यांना खुल्या केल्या त्या २६ जानेवारी १९५० पासून. कागदावरचं प्रत्यक्षात यायला आणखी वर्षं लागली. इराण्याकडं मात्र चहाचे पैसे मोजणाऱ्याला जात विचारत नाहीत, ही ख्याती आधीपासूनची. हायकोर्टात जमिनीच्या खटल्याला आलेला पाटील, त्याच्याच गावचा कूळ, आणि दवाखान्यात बायकोला घेऊन आलेला महारवाड्यातला माणूस, गावात हे तिघं एका ओळीत बसले नसते. शहरात एकाच छताखाली, शेजारशेजारच्या टेबलावर त्यांना चहा मिळू शकत होता. गावाकडं परतल्यावर हे कुणी बोलून दाखवत नसे, ते वेगळं.

इराणी हॉटेलातलं बसणं शिकल्या-सवरल्यांच्या कामालाही आलं. अॅबिड्सचं ओरिएंट हॉटेल हे कवी, पत्रकार, कामगार चळवळीतले लोक यांचा अड्डा होतं. उर्दू कवी आणि कम्युनिस्ट नेते मखदूम मोहिउद्दीन तिथले नेहमीचे. अॅबिड्सचंच ग्रँड हॉटेल १९३५ पासूनचं, बिर्याणीसाठी नावाजलेलं. ओरिएंट आता राहिलेलं नाही.

बिर्याणी आणि शाकाहारी घरचा पोरगा

नया पूल ओलांडून पत्थरगट्टीला लागलं की मदिना हॉटेल. ते १९४७ च्या सुमाराचं. ज्या इमारतीत ते आहे ती वक्फची, आणि इमारतीचं भाडं मदिना शहरातल्या गरिबांसाठी जावं असा तिचा मूळ हेतू, म्हणून ते नाव. हायकोर्टातून पायी येण्यासारखं, त्यामुळं तारखेला आलेल्यांची इथं वर्दळ. पुढं त्याच भागात शादाब, नायाब ही नावं झाली. सिकंदराबादच्या बाजूला पॅराडाइज. १९५३ मध्ये पॅराडाइज टॉकीजला लागून असलेलं साधं चहा-फराळाचं हॉटेल, आणि बिर्याणीनं ते एवढं मोठं झालं की त्या चौकालाच ते नाव पडलं. रेल्वेनं सिकंदराबादला उतरणाऱ्यांना स्टेशनासमोरचं अल्फा हॉटेल सोयीचं.

हैदराबादी बिर्याणीची खूण म्हणजे कच्च्या गोश्ताची बिर्याणी. मटण शिजवून न घेता मसाल्यात, दह्यात मुरवायचं, त्यावर अर्धवट शिजलेला भात पसरायचा, भांड्याचं तोंड कणकेनं बंद करायचं आणि दमावर ठेवायचं. सोबत मिर्ची का सालन आणि दह्याची चटणी. आपल्याकडं मटण म्हणजे रस्सा आणि त्यात चुरलेली ज्वारीची भाकर. रस्सा नसलेलं मटण हा आपल्या माणसाला पहिल्यांदा अपुराच कारभार वाटायचा. वेटरला 'शेरवा और डालो' म्हणून सालन दोनदा मागून घेणारा गिऱ्हाईक बहुतेक आपल्याच बाजूचा असायचा!

रमजानात हलीम. गहू आणि मटण तासन्‌तास घोटून केलेला हा पदार्थ हैदराबादेत आणला तो निजामाच्या फौजेतल्या अरबांनी, ज्यांना आपण चाऊस म्हणतो. त्यांची वस्ती बारकसला, हे नाव बॅरॅक्सवरूनच पडलं. चाऊस घराणी मराठवाड्यातही आहेत, त्यामुळं हे नाव आपल्याला परकं नाही. २०१० मध्ये हैदराबादी हलीमला भौगोलिक मानांकन मिळालं, मांसाहारी पदार्थांत देशातलं पहिलं.

माळकरी किंवा शाकाहारी घरातला पोरगा शहरात शिकायला गेला, की घरच्यांना काळजी असायची ती याच पट्ट्याची. कित्येकांनी पहिला घास इथंच खाल्ला आणि घरी वर्षानुवर्षं सांगितला नाही. हा चोरटेपणाही इतिहासच आहे, कारण घरचा धाक किती लांबपर्यंत पोचत होता आणि कुठं संपत होता, ते त्यातून दिसतं.

इडली: आधी घोषणेत, मग ताटात

आता एक विसरलेली गोष्ट. १९५२ मध्ये हैदराबाद राज्यात 'मुलकी' आंदोलन पेटलं. बुर्गुला रामकृष्ण राव तेव्हा निवडून आलेले पहिले मुख्यमंत्री. पोलिस अॅक्शननंतर मद्रासकडून आलेले अधिकारी आणि कारकून नोकऱ्या बळकावतात, मुलकी म्हणजे इथल्या माणसाला डावललं जातं, असा राग होता. मुलकी नियम मूळ १९१९ चा. त्यात राज्यात पंधरा वर्षांचं वास्तव्य ही अट होती. विद्यार्थी रस्त्यावर आले. घोषणा होती 'गैर मुलकी गो बॅक', आणि तिच्या जोडीला 'इडली सांबार गो बॅक'. सप्टेंबरमध्ये सिटी कॉलेजच्या परिसरात गोळीबार झाला, विद्यार्थी मेले. सिटी कॉलेज म्हणजे हायकोर्टाच्या बाजूलाच, मदिनापासून हाकेच्या अंतरावर.

या घोषणेत एक गोष्ट ध्यानात घ्या. भांडण तेलुगू विरुद्ध मराठी नव्हतं. मुलकी म्हणून तेलुगू, उर्दू, मराठी, कन्नड बोलणारे सगळे एका बाजूला, आणि समोरच्याची ओळख भाषेनं नाही तर न्याहारीनं केलेली. आदिलाबादचा मराठी माणूस त्या हिशेबात पक्का मुलकी होता. चारच वर्षांनी प्रांतरचना झाली आणि माणसाची ओळख भाषेवर आली. तोच माणूस मग आपल्याच राजधानीत अल्पसंख्य झाला. चार वर्षांत 'आतला' कोण आणि 'बाहेरचा' कोण याची व्याख्या इतकी बदलली.

आणि ज्या इडलीला 'गो बॅक' म्हटलं, ती कुठंही गेली नाही. उलट शाकाहारी प्रवाशाचा तोच आधार झाला. अॅबिड्सचं ताजमहाल हॉटेल हे अशा दक्षिणी शाकाहारी हॉटेलांतलं जुनं, मातब्बर नाव. नंतर कामत आलं. सकाळी इडली-वडा, दुपारी 'मील्स', चारला दोसा आणि फिल्टर कॉफी. कांदा-लसणाचा संशय नाही, पंगतीसारखं पोटभर, आणि बायामाणसांना घेऊन बसायची सोय. बायकांचा हा मुद्दा मोठा आहे. इराण्याकडं पुरुष एकटे जात. घरच्या बाईला घेऊन बाहेर जेवायचं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कित्येक कुटुंबांना पहिल्यांदा या 'फॅमिली रूम'वाल्या उडुपी हॉटेलांनी शिकवलं.

भाताचं तेवढं दुखणं राहिलं. ज्वारीवर वाढलेल्या माणसाला दोन्ही वेळ भात म्हणजे जेवल्यासारखं वाटत नाही. गोंगुरा पचडी ताटात आली की मात्र ओळख पटायची, कारण ती आपली अंबाडीच. नाव तेलुगू, आंबटपणा घरचा.

कोठीचं गोकुळ चाट १९६२ पासूनचं. सुलतान बाजारात लग्नाचा बस्ता बांधला की इथं मिर्ची, कचोरी, पाणीपुरी खाऊन बसला लागायचं, हा क्रम ठरलेला. २५ ऑगस्ट २००७ च्या संध्याकाळी इथं आणि लुंबिनी पार्कमध्ये बॉम्बस्फोट झाले. दोन्ही मिळून चाळीसहून अधिक माणसं गेली. दुकान पुन्हा उभं राहिलं आणि आजही चालू आहे. तिथं उभं राहून खाताना हे आठवावं, एवढंच.

गावाकडं काय न्यायचं

शहराहून रिकाम्या हातानं यायचं नाही, हा नियम. त्यासाठी मोअज्जम जाही मार्केट. १९३५ मधली ही दगडी इमारत, निजामाचा दुसरा मुलगा मोअज्जम जाह याच्या नावाची. आत फळं, फुलं, अत्तर, पान. आणि आइस्क्रीमची जुनी दुकानं, हातानं फिरवलेलं, मोसमातल्या फळांचं. सीताफळाचं आइस्क्रीम खाऊन आपला माणूस म्हणायचा, सीताफळं तर आपल्या डोंगरात पडून असतात, याचं असं होतं हे माहीत नव्हतं.

मार्केटजवळच कराची बेकरी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या खानचंद रामनानी यांनी ती १९५३ मध्ये सुरू केली आणि सोडून आलेल्या शहराचं नाव दिलं. तिथलं फ्रूट बिस्कीट आपल्याकडं पाहुण्याच्या हातातला ठरलेला डबा झालं. पुल्ला रेड्डींची मिठाई मूळ कर्नूलची, १९४८ ची. पुढं ती हैदराबादेत आली. निजामाची बाजारपेठ, सिंधी निर्वासिताची बिस्किटं, रायलसीमेची तुपातली मिठाई, हे सगळं एका थैलीत भरून आदिलाबादच्या गाडीत चढायचं.

दवाखान्याबाहेरचा चहा

शहराला जायचं सगळ्यात जड कारण म्हणजे आजारपण. उस्मानिया, निलोफर, गांधी, निम्स, एमएनजे कॅन्सर हॉस्पिटल, ही नावं आपल्या खेड्यापाड्यांत तोंडपाठ आहेत. आदिलाबादला रिम्स झालं ते २००८ मध्ये. त्याआधी लेकराचं काही जास्त झालं की निलोफरच.

रेड हिल्सवर निलोफर दवाखान्याच्या जवळ कॅफे निलोफर आहे, १९७८ पासूनचं. आज तिथल्या चहाला लांबून लोक येतात, शाखा झाल्या. पण आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी. हे हॉटेल मोठं करणारे ए. बाबूराव मूळ आपल्याच जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले. घरची गरिबी म्हणून सत्तरच्या दशकात ते शहरात आले, हॉटेलात साफसफाई आणि टेबलाची कामं केली, आणि पुढं तेच हॉटेल आपल्या हातात घेतलं. सरकारी दवाखान्यांतल्या रोग्यांच्या नातेवाइकांना ते कित्येक वर्षं फुकट जेवण देत आले आहेत.

दवाखान्याच्या पायरीवर रात्र काढणाऱ्या माणसाचं 'आवडतं हॉटेल' कोणतं, हे कोणत्याही खाद्ययादीत येत नाही. पण आपल्या जिल्ह्यातून शहरात गेलेल्या माणसांत अशांचाच भरणा मोठा. कढत चहा, एक बन, आणि कुणीतरी हातात दिलेलं जेवणाचं ताट, हीच त्यांची हैदराबादची चव. ते ताट देणारा माणूस आपल्याच मुलखातून उपाशीपोटी आलेला होता, हे आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात ठळक लिहून ठेवावं असं आहे.

आज गेलात तर

एका दिवसात हा जुना रस्ता चालता येतो. सकाळी काचीगुड्याला उतरा. स्टेशन बाहेरून नीट पाहा. बडी चावडीतून सुलतान बाजारात या, मराठी ग्रंथ संग्रहालयाची चौकशी करा. कोठीत गोकुळ चाट. तिथून मोअज्जम जाही मार्केट, दुरुस्तीनंतर आता ते चांगलं उजळलं आहे. आइस्क्रीम खा. मग अफजलगंजकडं वळा, उस्मानिया दवाखान्याची इमारत पाहून नया पुलावर थांबा. डाव्या-उजव्या हाताला दोन्ही काठ दिसतात, एका काठाला आजारी माणसं आली, दुसऱ्या काठाला भांडणारी. पूल उतरलात की मदिना किंवा शादाब, जेवण तिथं. शाकाहारी असाल तर आधीच अॅबिड्सला ताजमहाल गाठा. चहा मात्र इराण्याकडंच घ्या.

नोंद कशाची ठेवायची

५ जुलै २०१८ ला गौलीगुड्याची ती शेड कोसळली. सुदैवानं आत कुणी नव्हतं. आपल्या दोन पिढ्या जिथं पहिल्यांदा शहराच्या जमिनीवर उतरल्या, ती जागा गेली. ओरिएंट तर त्याच्या कितीतरी आधी गेलं. इराणी हॉटेलं एकेक करून कमी होताहेत. कोपऱ्यावरची जागा आता चहापेक्षा मोबाइलच्या दुकानाला किंवा बँकेला परवडते.

दुसरीकडं आपलं शहरही बदलतंय. चारपदरी रस्त्यानं आदिलाबादहून नागपूर दोनशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. दवाखान्यासाठी कित्येकजण आता उत्तरेला जातात. भाषाही तिकडं आपली. पुढच्या पिढीत 'शहर' म्हणजे कोणतं, हे विचारावं लागेल असं दिसतं. ते वाईट आहे असं नाही. पण एकदा वाट बदलली की जुन्या वाटेवरच्या आठवणी फार टिकत नाहीत. मराठवाड्यात हे १९५६ नंतर एका पिढीत झालं.

आपल्याकडं या गोष्टी अजून माणसांच्या तोंडी आहेत, कागदावर नाहीत. मराठी साहित्यात मुंबईच्या इराण्यावर भरपूर लिहिलं गेलं. हैदराबादच्या इराण्याकडं बसलेल्या आदिलाबादच्या मराठी माणसावर लिहायला आपल्याशिवाय कोण येणार? घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तीन प्रश्न विचारा: पहिल्यांदा शहराला कशानं गेलात, कोणत्या कामाला, आणि कुठं जेवलात? चौथा प्रश्न जरा जपून विचारा: कुठं बसू दिलं नाही? उत्तरं तारीखवार नसली तरी चालतील. ट्रंकेत जुनी बसची तिकिटं, खटल्याच्या तारखांच्या चिठ्ठ्या, हॉटेलची बिलं, वसतिगृहातून आलेली पत्रं असतील तर फेकू नका. त्यांचे फोटो काढून ठेवा, मागं गाव आणि साल लिहा, आणि मंडळाकडं पाठवा.